अर्ज एकेचाळीस, अर्ज बेचाळीस

मढव्यांच्या घरातून दोन अर्ज गेले, याचं ओवे गावाला नवल वाटण्याचं कारण नव्हतं. त्या घरात कालवणात आमसूल किती टाकायचं यावरही तीन मतं असत, आणि तिन्ही मोठ्या आवाजात. नवल वेगळंच होतं. नगररचना खात्याचे सत्यजीत गुप्ते यांनी एकेचाळीस नंबरचा कागद उजव्या हातात धरला, बेचाळीस नंबरचा डाव्या हातात, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "दोन्ही अर्ज एकाच अक्षरात आहेत. एकाच जागेबद्दल आहेत. आणि मागणी बरोबर उलटी. हे काय आहे?"

गावदेवीच्या सभामंडपातली शंभरेक माणसं एकदम जागी झाली. सकाळी दहापासून तळ्याच्या काठावर सुनावणी चालली होती आणि तोवर बहुतेकांच्या माना लवायला लागल्या होत्या. पालिकेच्या मसुद्यात काठाचे दोन भाग केले होते. एक मरीनाचा. तिथे बोटींचा धक्का, तिकीटघर, गाड्या लावायला जागा, आणि झाडंसुद्धा यादीतलीच लावायची: हिरवळ, शोभेचे पाम, कुंड्यांतली फुलं. काटेरी काही चालणार नाही. दुसरा हरित पट्टा. तिथे आहे ते तसंच राहील, पण वीटसुद्धा रचायची नाही. गावातल्या पोरांना मरीना हवा होता, म्हाताऱ्यांना गणपती कुठे बोळवायचे याची काळजी होती, आणि रोडपालीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी खास येऊन सांगून गेले होते की पूर्वेकडचा केवडा आधी काढा, त्यात साप असतात.

तो केवडा वेणूचा होता. चाळीस वर्षांत तिला त्यात दोन साप दिसले होते, दोन्ही धामण, आणि दोघी तिला बघून पळाल्या होत्या. पण हे सांगायला ती उठली नाही. बायकांच्या बाजूला, भावाच्या सुनेच्या, प्राचीच्या शेजारी ती मान खाली घालून बसली होती, आणि तिचे कान तापले होते. कारण बेचाळीस नंबरचा अर्ज तिचा होता. घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

"अक्षर माझं आहे," मागून इनॉक सर उठले. निवृत्त मास्तर. पनवेलच्या बाजारामागच्या घराच्या ओटीवर बसून ते अर्ध्या तालुक्याचे अर्ज लिहून देत, चहाशिवाय दुसरं काही घेत नसत. "दोघं वेगवेगळ्या दिवशी आले. दोघांनीही शपथ घातली, घरात कळता कामा नये. मी दोघांचंही ऐकलं."

"सर, मग निदान एकाला तरी सांगायचं!" कुणीतरी ओरडलं.

"म्हणजे मग शपथ कसली?" इनॉक सर म्हणाले आणि बसले.

गुप्त्यांनी वाचायला सुरुवात केली. "अर्ज एकेचाळीस. तुळशीराम पोशा मढवी. तळ्याच्या पूर्वेची अकरा गुंठे जागा हरित पट्ट्यात ठेवावी. माझी धाकटी बहीण तिथे केवडा, अळू व हळद राखते. तिचा जीव त्यात आहे. धक्का नको."

वेणूने झटक्यात मान वर केली. समोरच्या रांगेत दादा बसला होता. पांढऱ्या टोपीखालची त्याची मान तिला दिसत होती, आणि ती लाल झाली होती.

"अर्ज बेचाळीस. वेणू पोशा मढवी. सदर जागा मरीनात घ्यावी. माझा भाचा प्रणित यास बोटी चालवायच्या आहेत. केवडा काढण्यास माझी तक्रार नाही."

सभामंडप खदखदून हसला. हसण्यासारखंच होतं. महिनाभर मढव्यांच्या घरात या अकरा गुंठ्यांवरून धुसफूस चालली होती. प्रणित कळंबोलीत लोखंडाचा ट्रेलर चालवायचा. पंधरा वर्षांत कमरेचे मणके इतके झिजले की डॉक्टरांनी पट्टा बांधून गाडी सोडायला सांगितली. घराजवळ, तळ्यावर बोटी चालवता आल्या तर त्याला हवं होतं. बापाने नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. आत्या गप्प राहिली. प्रणितने अर्थ लावला की आत्याने बापाला फितवलं, आणि महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. ज्या पोराला तिने न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, तो पोर तिच्या समोरून मान वळवून जायचा. वेणूने ते कुणाला बोलून दाखवलं नाही. एका सकाळी उठून ती इनॉक सरांकडे गेली.

"हे पहा," गुप्ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला संध्याकाळपर्यंत साठ अर्ज संपवायचे होते. "एकाच घरातले अर्ज एकमेकांविरुद्ध असतील तर मी दोन्ही बाजूला ठेवतो आणि मसुद्यातली रेषा कायम करतो. मसुद्यात रेषा तुमच्या जागेच्या मधून जाते. म्हणजे अर्धा केवडा जाईल, आणि मरीनात गेलेल्या अर्ध्यात धक्क्याला लागते तेवढी रुंदी मिळणार नाही. दोन्ही घालवायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही. चहाची वेळ झालीच आहे. अर्धा तास देतो. घरात ठरवून या."

देवळामागे तळ्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. मढव्यांचं घर तिथे जमलं. घर म्हणजे दादा, गोदू वयनी, प्रणित, प्राची आणि वेणू. चहाचे कागदी पेले हातात होते आणि कुणी पीत नव्हतं.

पहिला तोफगोळा गोदू वयनीने टाकला, तोही नवऱ्यावर. "पोराची कंबर मोडली तरी तुमी बोटी नको बोललात. आन कारन का सांगलं नाय? बहिनीसाठी हाय, येवढं बोलायला जीभ झडली व्हती?"

"सांगलं असतं तर हिनंच आडवं घातलं असतं," दादा वेणूकडे न बघता म्हणाला. "बगितलंस नाय? न सांगता बी हिनं केलंच."

"आन तू गं?" वयनी वेणूकडे वळली. आवाज चढलेला होता, पण मधेच तो घसरला. "तुना कोनी सांगलं केवडा काडायला? गौरी-गनपतीत सगल्या पनवेलच्या बाजारात तुजा केवडा जातो. हळदीची पानं तुजी. पातोळ्या करताना बायका तुजं नाव घेतात. ते सगलं सोडून तू करनार काय व्हतीस?"

"घरात बसले असते," वेणू म्हणाली. "तुमची नातवंडं सांभाळली असती."

वयनीने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला, कारण तिला रडताना बघितलेलं आवडत नसे. गेल्या महिनाभरात मुलाच्या बाजूने उभी राहून तिने नणंदेला दोन-तीन वाक्यं अशी ऐकवली होती की ती आता परत गिळता येत नव्हती.

प्रणित एक पायरी खाली उभा होता, पट्ट्यावर दोन्ही हात टेकवून. "आत्या," तो म्हणाला. महिन्यात पहिल्यांदा. "मना वाटलं तू बाबांच्या बाजूनं हाईस."

"मी तुज्याच बाजूनं व्हते रं."

"मग बोलली का नाय?"

"तू बोलत व्हतास का माज्याशी?"

प्रणित पाण्याकडे वळला. मग अचानक बापाला म्हणाला, "बाबा, राहू द्या. नको बोटी. केवडा राहू दे. मी सोमवारपासून परत गाडीवर जातो."

"गाडीवर कुनी जायचं नाय," दादा गरजला. "धक्का घे. मी माजा अर्ज मागं घेतो."

"दादा, तू कनाला मागं घेतोस? मी माजं देतेय ना!"

"तू गप बस."

"तूच गप बस!"

प्राची मधे पडली. ती बेलापूरच्या ऑफिसात नोकरी करायची आणि मढव्यांच्या घरात येऊन दहा वर्षं झाली तरी या घराच्या भांडणाची तिला सवय झाली नव्हती. "एक मिनिट," ती म्हणाली. "महिनाभर प्रत्येकाला हवं होतं म्हणून भांडत होतात. आता प्रत्येकजण नको नको म्हणून भांडतोय. आत जाऊन त्यांना काय सांगायचं? आमच्या घरात कुणालाच काही नको, तुम्हीच ठेवा? वीस मिनिटं राहिलीत. आणि बाबा, मी तुमच्याकडे किती वेळा सातबारा मागितला, अर्जाला जोडायला. तुम्ही म्हणता देतो, देतो. तो तरी आणलाय का?"

दादाने पेल्यातला गार चहा एका दमात पिऊन टाकला. "त्यांच्या मशिनीत असतो तो," एवढंच बोलला.

वेणूला भावाची कणव आली. म्हातारा झाला होता तो. बहात्तर वर्षांचा. ती त्याच्या पायरीवर जाऊन बसली. "दादा, ऐक माजं. नवऱ्यानं दुसरी केली तवा मी येक ट्रंक घेऊन तुज्या दारात आले. तू येक शब्द नाय इचारलास. तळ्यावरची जागा दाकवलीस आन बोललास, तुला काय लावायचं ते लाव. सगळ्या जमिनी सरकारनं घेतल्या, येवढी अकरा गुंठं उरली, ती तू माज्या हाती दिलीस. तुजी जागा, तू मना चाळीस वर्सं राहू दिलंस. ते मी कवा फेडू? आता तुज्याच पोराला द्यायची यळ आली तर देऊ नको?"

"तसं बोलू नको," दादा म्हणाला.

"कसं?"

"तुजी जागा, तुजी जागा. नको बोलू तसं."

तिला वाटलं, हा त्याचा नेहमीचा मोठेपणा. उपकार काढले की त्याला अवघडायचं. दर भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती त्याच्या पाया पडायची आणि हेच बोलायची, आणि तो असाच तोंड फिरवायचा. तिचं मन भरून आलं. असा भाऊ किती जणींना मिळतो, असं तिला चाळीस वर्षांत हजार वेळा वाटलं होतं आणि त्या पायरीवर पुन्हा एकदा वाटलं.

आतून घंटा वाजली. काही ठरलं नव्हतं.

सभामंडपात ते परत बसतात न बसतात तोच कमळाकर उठला. कमळाकरची जागा तळ्याच्या उत्तरेला, सबंध मरीनात. पूर्वेची जागाही मरीनात आली तर धक्के दोन होणार आणि गिऱ्हाईक वाटलं जाणार, हे त्याचं दुखणं सगळ्या गावाला ठाऊक होतं. "साहेब, येक इचारतो. बेचाळीस नंबर कुनाच्या हक्कानं घेतलाय? वेनूबाय आमची गावची लेक हाय, आमाला मान हाय तिचा. पन बा मेल्यावर तिनं हक्क सोडला. आमच्यात सगळ्याच बहिनी सोडतात. तेराव्याच्या जेवनानंतर सही घेतात आन भाऊ लुगडं नेसवतो. तिला नेसवलेलं लुगडं माज्या आईनं बगितलंय. जिचं जागेत काय नाय, तिचा अर्ज कसला?"

यात खोटं काही नव्हतं. वेणू उभी राहिली. तिला कमळाकरचा रागही आला नाही. "खरं हाय, साहेब," ती म्हणाली. "मी सही केलीय. हिरवं लुगडं व्हतं, जरीचा काठ. माजा अर्ज नका धरू. दादाला इचारा, जागा त्याची हाय."

गुप्त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. दोन-चार बटणं दाबली. मग चष्मा नाकावर घेऊन पुन्हा बघितलं.

"तुळशीराम पोशा मढवी," त्यांनी वाचलं. "आणि वेणू पोशा मढवी. दोन्ही नावं आहेत. वडिलांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून लागलेली. त्यानंतर हक्कसोडीची काही नोंद नाही. बाई, तुम्ही या जागेच्या सहमालक आहात. निम्मी जागा तुमची आहे."

वेणूला वाटलं, मशिनीत काही चूक असेल. "नाय साहेब," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "मी सही केली ना."

"सही केली असेल. तो कागद पुढे कुणी दिलाच नाही."

आता सगळा सभामंडप तुळशीराम मढव्याकडे बघत होता. दादा सावकाश उठला. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मी नाय दिला," तो म्हणाला. "सकाळी तलाठ्याकडं जायचं व्हतं. रात्रभर झोप नाय लागली. नवऱ्यानं टाकलेली बहीन, आन तिच्याकडनं बी सही घेतली मी, लोकं घेतात म्हनून. पहाटं उटलो आन कागद चुलीत घातला."

"मग मना सांगलं का नाय?" वेणूचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "बा जाऊन सदतीस वर्सं झाली, दादा! सदतीस वर्सं मी तुज्या पाया पडतेय."

"सांगनार व्हतो. पयल्या भाऊबीजेला सांगनारच व्हतो." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "तू पाया पडलीस. बोललीस, तुज्यासारका भाऊ नाय. मना ग्वाड लागलं ते. बाहेर जमिनी गेल्या, मान गेला, कोन इचारीना. घरात येक मानूस मना देव मानत व्हतं. बोललो, पुढल्या वर्साला सांगू. मग पुढल्या. मग लाज वाटाया लागली. तुजंच तुला देऊन मी आभार घेत बसलो, वेनू."

इनॉक सरांनी चष्मा पुसायला काढला. गोदू वयनी नवऱ्याकडे अशी बघत होती की जणू आजच लग्न होऊन आली आहे.

वेणूला आधी राग आला, आणि तो चांगलाच आला. प्रत्येक सणाला भीतभीत मागितलेलं बियाणं, प्रत्येक वेळी "दादाला इचारते" म्हणून परत पाठवलेलं गिऱ्हाईक, भाचेसुनेसमोरही आवाज खाली ठेवून राहिलेली ती, हे सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि मग, रागाच्या पाठोपाठ, दुसरं काहीतरी आलं. गावातल्या कितीतरी भावांनी तो कागद पहाटे उठून तलाठ्याकडे पोचवला होता. गुंठ्याला सोन्याचा भाव आला तेव्हा त्यातल्या एकालाही बहीण आठवली नव्हती. याच्या हातात संधी रोज होती, सदतीस वर्षं होती. याने तिचं नाव पुसलं नाही. लबाडी केली ती फक्त आभार घेण्याची. तिला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच्या गळ्यातही पडावंसं वाटत होतं, आणि शंभर माणसांसमोर यातलं एकही करता येत नव्हतं.

"वेणूबाई," गुप्ते मऊ आवाजात म्हणाले. "तुमचा अर्ज तुमच्या स्वतःच्या हक्काने माझ्यापुढे आहे. कायम ठेवायचा की मागे घ्यायचा?"

तिने प्रणितकडे बघितलं. तो खुर्चीच्या पाठीला हात लावून तिरका उभा होता, कमरेत कळ आली की उभा राहायचा तसा. त्याच्यासाठी तिने आजही जीव दिला असता. अर्जात केवडा देताना तिला काही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तो तिचा नव्हता. ती भावाची वस्तू भावाच्या मुलाला देत होती, आणि मधे उभी राहून पुण्य घेत होती. आता तिला तळ्याचा तो काठ दिसत होता. एकेक रोप कमरेएवढ्या चिखलात उतरून तिने लावलं होतं. काट्यांनी हात सोलून निघाले होते. श्रावणात कणसं फुटली की वास थेट रस्त्यापर्यंत जायचा आणि जाणारे-येणारे गाड्या थांबवायचे.

"मागं घेते," ती म्हणाली.

गोदू वयनीच्या तोंडून हलकासा आवाज निघाला. प्राचीने डोळे मिटले.

"कारण लिहावं लागेल," गुप्ते म्हणाले.

वेणू अडखळली. पाणथळ जागा, काठाची माती धरून ठेवणं, पक्षी, असं बरंच काही सकाळपासून लोक बोलून गेले होते आणि त्यातलं काही तिच्या जिभेवर येईना. तिच्या मनात एकच वाक्य होतं आणि ते तिने जन्मात कधी म्हटलं नव्हतं. "कारन काय नाय, साहेब," ती म्हणाली. "केवडा मना पायजे."

ते इतकं हळू होतं की गुप्त्यांनी कानामागे हात नेला. "काय म्हणालात?"

तेवढ्यात प्रणित पुढे आला. सावकाश, कमरेला धरून. तो आत्याच्या शेजारी उभा राहिला तेव्हा तिला वाटलं, आता हा बोलणार आणि आपण लगेच विरघळणार, सगळं देऊन टाकणार.

"साहेब," प्रणित म्हणाला, "मी हिच्या हातचं खाऊन मोठा झालो. काय पायजे इचारलं की ही बोलायची, मना काय नको. साडी आनली तरी नको, औशद आनलं तरी नको. आज पयल्यांदा हिच्या तोंडातनं 'पायजे' ऐकलं. मी धक्क्याचं दुसरीकडं बगीन, नाय तर कमळाकर काकांच्या बोटीवर नोकरी करीन. पन हे तुमी लिवून घ्या. आताच घ्या." मग तो वेणूकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. "आत्या, मोठ्यानं बोल. साहेबांना ऐकू नाय गेलं."

वेणूने एकदा भावाकडे बघितलं. तो टोपी छातीशी धरून मान हलवत होता, हो, हो, बोल.

"लिवा साहेब," ती म्हणाली, आणि आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मना पायजे."